झाडाखाली गवत लावण्याआधी सावली मोजा



गेल्या दोन-तीन महिन्यांत गटांच्या बैठकांना फिरताना एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांत कानावर आला. "घरामागं लिंबाखाली जागा रिकामीच पडलीय. तिथं नेपियर लावलं तर शेळ्यांचं भागेल का?" काही ताईंनी तर विचारायच्या आधीच लावून टाकलं होतं. जुलैत पैसे देऊन ठोंब आणले, पावसावर ते फुटलेही. दिवाळीला जाऊन पाहिलं तर पिवळट, बारीक, उंच काड्या वाऱ्यानं आडव्या झालेल्या. ताई म्हणतात, ठोंबच खराब निघाले. बहुतेक ठिकाणी ठोंब चांगलेच होते, चुकली होती ती जागा. म्हणून या अंकात सावलीतल्या गवताबद्दल जरा सविस्तर लिहायचं ठरवलं.

विषय छोटा वाटतो, पण आपल्यापैकी कित्येकींच्या नावावर गुंठाभरही रान नाही. शेत असलं तरी त्यात काय पेरायचं हे घरातले पुरुष ठरवतात. एकल महिलांकडं तर घर आणि घराभोवतीची चार पावलं एवढंच असतं. कुणाला न विचारता आपण ठरवू शकतो अशी जागा म्हणजे ही परसबाग, आणि तिचा निम्मा भाग झाडाच्या नाहीतर भिंतीच्या सावलीत. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या लागल्या होत्या. त्या मुख्यतः गाई-बैलांसाठी. शेळ्यांचं पोट भरायला घरातली बाईच रानोमाळ पाला हिंडत होती. तेव्हा परसातलं एक पेंडी गवतसुद्धा हलकं समजायचं कारण नाही. ते कुठं येतं आणि कुठं येत नाही हे मात्र आधी कळलं पाहिजे.

सावलीत गवत खुजं का राहतं

हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, तुम्ही बांधावर रोज बघता. आंब्याच्या किंवा बाभळीच्या कडेची ज्वारी गुडघ्याएवढी राहते आणि मधलं रान डोक्यावर जातं. आपण म्हणतो, झाडाचं सावट पडलं. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंनीही बघितलं असेल, फडाच्या कडेला मोठं झाड असलं की तिथला ऊस बारका आणि हलका असतो.

ऊस, ज्वारी, बाजरी, मका, नेपियर, आपली हरळी, ही सगळी गवताच्याच घराण्यातली भावंडं. (बांबूसुद्धा गवतच, हे सांगितलं की बैठकीत हशा पिकतो, पण खरं आहे.) यातली ऊस-ज्वारी-नेपियरची शाखा उन्हाची भुकेली. इतर झाडं कडक उन्हात दमतात, ही मात्र जितकं ऊन जास्त तितकं जास्त अन्न तयार करतात. म्हणून तर एका हंगामात ती पुरुषभर उंच होतात. पण ज्याला भरपूर खायची सवय, त्याला उपास जड जातो. ऊन कमी झालं की हे गवत उजेड शोधत उंच पळतं, खोड बारीक होतं, पानं विरळ होतात आणि नवे फुटवे येत नाहीत. चारा म्हणजे पानं आणि फुटवे. तेच नसले तर काडी कशाला सांभाळायची?

हरळीचं उदाहरण घ्या. शेतात ती खुरपून खुरपून आपला जीव जातो, कशानंच मरत नाही. पण दाट चिंचेखाली हरळीची गादी कधी पाहिलीय का? जे काम आपल्या खुरप्याला जमत नाही ते सावली करते.

दुसरी गोष्ट आपल्याकडं सावलीपेक्षाही महत्त्वाची आहे. झाडाची मुळं. कोकणात किंवा केरळात नारळीच्या बागेत खाली गवत लावतात ते वाचून-ऐकून आपण तसंच करायला जातो. पण तिथं पाऊस तीन-चार हजार मिलिमीटर. आपल्या बीडचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मध्येच दडी मारणारा. झाडाची बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच पसरलेली असतात आणि गवताची मुळंही तिथंच. पाऊस उघडला की पहिला घास झाड घेतं. त्यामुळं सावलीतलं गवत वाळलं तर "ऊन मिळालं नाही" एवढंच कारण नसतं, बऱ्याचदा ते तहानेनं गेलेलं असतं. म्हणून पाण्याची सोय नसेल तर झाडाखाली गवत लावू नका, हे मी सरळच सांगते.

सावली कशी मोजायची

त्याला कुठलं यंत्र लागत नाही, एक सुट्टीचा दिवस आणि वीस-पंचवीस दगड लागतात. सकाळी आठ वाजता सावलीच्या कडेनं चार-पाच दगड ठेवा. मग दहा, बारा, दोन आणि चार वाजता तेच करा. ओळखू यावं म्हणून दर वेळच्या दगडांना चुन्याच्या किंवा राखेच्या वेगळ्या खुणा करा. घरातल्या पोरांना हे काम दिलं तर ती आनंदानं करतात. संध्याकाळी नीट बघितलं की कळतं, कुठल्या जागेला दिवसभरात किती तास ऊन मिळालं.

सहा तासांच्या वर ऊन मिळत असेल तर ती जागा सावलीची नाहीच, तिथं हवं ते लावा. तीन ते पाच तास मिळत असेल, किंवा पानांतून झिरपून दिवसभर कवडसे पडत असतील, तर ती अर्धी सावली. या लेखातलं गवत त्या जागेसाठी आहे. त्याहून कमी असेल तर ती गर्द सावली, तिचं काय करायचं ते पुढं येईल.

दिवसभर वेळ नसेल तर भर दुपारी बारा-एकच्या सुमाराला जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरा. पंजाची सावली काळी, बोटं स्पष्ट दिसत असतील तर उजेड भरपूर. सावली पडते पण बोटांच्या कडा पुसट, तर अर्धी सावली. सावली दिसतच नसेल तर तिथं गवताचा नाद सोडा.

यात एक गंमत आहे. भिंतीची सावली बारा महिने सारखी नसते. घराच्या उत्तरेची बाजू डिसेंबरात दिवसभर थंडगार असते. पण आपल्याकडं साधारण मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडं असतो. शाळेत पोरं "शून्य सावलीचा दिवस" करतात तो हाच. म्हणजे उत्तरेच्या भिंतीलगत जून-जुलैत दुपारचं ऊन येतं, जे हिवाळ्यात बघितलं तर खोटं वाटेल. गवत वाढायचा काळ पावसाळ्याचा आहे, म्हणून मोजमापही जूनमध्ये, ढग नसलेला दिवस बघून करा. हिवाळ्यात मोजून ठरवलं तर कारण नसताना जागा सोडून द्याल.

झाडाझाडाची सावलीही वेगळी. शेवगा, हादगा, बाभूळ यांची पानं बारीक, त्यामुळं उजेड झिरपतो. लिंबाची सावली मध्यम. फांद्या उंच आणि खालचा घेर छाटलेला असेल तर त्याखाली गवत येऊ शकतं, खाली वाकलेल्या लिंबाखाली नाही. आंबा, चिंच, वड ही गर्द सावलीची झाडं. निलगिरीखाली सावली कमी असते, पण तिचा पालापाचोळा आणि मुळं दुसऱ्याला वाढू देत नाहीत. सीताफळाचं आपल्या बालाघाटाच्या डोंगरात राज्यच आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ते झाड आपल्या कामाच्या उलटं वागतं. त्याची पानं उन्हाळ्यात गळतात, आणि पावसाळ्यात गवताला उजेड हवा तेव्हा ते झाड डेरेदार भरलेलं असतं. शिवाय तोडणीच्या वेळी खाली माणसं फिरतात, गवत तुडवलं जातं. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात गवत घ्या, बुंध्याजवळ नको.

मग लावायचं कोणतं

चाऱ्यासाठी माझ्या मते आपल्या अर्ध्या सावलीला एकच भरवशाचं गवत आहे, ते म्हणजे गिनी गवत. हे मूळचं आफ्रिकेचं. तिकडं ते मोकळ्या माळावर वाढतं तसंच झाडांच्या आडोशालाही वाढतं, त्यामुळं सावलीची त्याला सवय आहे. नारळीच्या बागांत लावतात तेही हेच. नेपियरपेक्षा उंचीला कमी, पानं मऊ, काडी बारीक. शेळ्या नेपियरची जाड दांडकी तशीच टाकून देतात, गिनीचं तसं होत नाही. झाशीच्या गवत संशोधन संस्थेच्या "बुंदेल गिनी" नावाच्या जाती आहेत. डिघोळअंबा किंवा खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून ठोंब कुठं मिळतील ते विचारा. बी खूप बारीक असतं आणि उगवण बेभरवशाची, म्हणून आपल्यासाठी ठोंबच बरे.

लावणीची वेळ म्हणजे चांगला भिजपाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. झाडाखाली टिकाव घालून सगळी जमीन उकरायची नाही, मुळं तुटली तर झाडही रागावतं. बुंध्यापासून चार-पाच फूट सोडा. तिथून पुढं मुळांच्या मधून मधून जागा बघत दोन-दोन फुटांवर वीतभर खोल खड्डे घ्या. प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन ओंजळी कुजलेलं लेंडीखत किंवा शेणखत टाका. ताजं लेंडीखत नको, त्याच्या उष्णतेनं मुळी जळते. ठोंबाची वरची पानं कापून वीतभर ठेवायची, एका खड्ड्यात दोन-तीन फुटवे उभे लावायचे आणि पायानं माती दाबायची. बुंध्याला माती चढवू नका, साल कुजते. आणि जिथं पाणी साचून राहतं तिथं गिनी लावू नका, त्याला ते मानवत नाही.

पहिली कापणी उन्हातल्या गवताला अडीच महिन्यांनी येते, सावलीत तीन महिने धरा. जुलैत लावलं तर दसऱ्याच्या पुढं-मागं. नंतर उन्हातलं गवत दीड महिन्यानं कापतात, सावलीतलं दोन महिन्यांनी कापा.

कापायचं कसं, यावर मी जरा अडून बसते, कारण सगळ्यात जास्त गवत इथंच मरतं. आपल्याला विळा जमिनीला टेकवून कापायची सवय आहे, एक काडी वाया जाऊ नये म्हणून. पण गवताची शिदोरी त्या बुडख्यातच असते. पुन्हा फुटायला लागणारं बळ तिथून येतं. उन्हातलं गवत चार दिवसांत नवी पानं काढून ती शिदोरी भरून घेतं, सावलीतल्याला तेवढ्याच कामाला दुप्पट दिवस लागतात. जमिनीसरशी कापलं तर दोन-तीन कापण्यांत ठोंब संपतो. म्हणून वीतभर, म्हणजे सहा ते आठ इंच बुडखा ठेवून कापा. शेळ्या सरळ सोडून चारू नका, त्या कोंबच खुडतात. कापून गव्हाणीत टाका किंवा उंच टांगा. तुरा यायच्या आत कापायचं हेही लक्षात ठेवा. तुरा आला की चारा निबर होतो, आणि बी झडून शेजाऱ्याच्या शेतात गेलं की भांडण दारात येतं.

पाण्यासाठी बहुतेक घरी न्हाणीचं सांडपाणी आहे. अंघोळीचं पाणी चालतं. कपडे धुतलेलं साबणाचं, सोड्याचं पाणी रोज एकाच ठिकाणी सोडलं तर जमीन चोपण होते, वर पांढरा थर येतो. त्याला पाळी लावा, आज इकडं, उद्या तिकडं. लिंबाचा गळलेला पाला जाळू नका, ठोंबांच्या मधे चार बोटं जाड पसरा. ओल टिकते आणि पुढच्या वर्षी त्याचंच खत होतं. एप्रिल-मेमध्ये हिरव्या चाऱ्याची आशा धरू नका. त्या दोन महिन्यांत आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्या, तेही फक्त ठोंब जिवंत राहावा म्हणून.

ज्या ताई दिवाळीच्या आसपास उसतोडीला जातात आणि चैत्रात परततात, त्यांचं गवत कोण बघणार? एका गटात यावर चांगला तोडगा निघालाय. गावात राहणाऱ्या मैत्रिणीनं पाणी द्यायचं आणि त्या काळातला सगळा चारा तिनंच न्यायचा. परत आल्यावर जिवंत ठोंब मूळ मालकिणीचे. पैशाची देवघेव नाही. फक्त बोलणं बैठकीत, चारचौघींसमोर झालेलं बरं.

किती मिळेल, खरं सांगायचं तर

मोबाईलवर "एक गुंठ्यात दहा शेळ्या" असले व्हिडिओ फिरतात, तुम्हीही बघितले असतील. आपण आपला हिशोब करू. भर उन्हात, वेळेवर खत-पाणी दिलेल्या गिनी गवताचं वर्षाचं उत्पन्न हेक्टरी साठ-सत्तर टन धरलं, तर गुंठ्याला सहाशे-सातशे किलो होतं. सावलीत निम्मं धरा, तीनशे ते साडेतीनशे किलो. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो. म्हणजे अर्ध्या सावलीतला पूर्ण एक गुंठा एका शेळीचे साधारण शंभर दिवस काढतो. आपल्या लिंबाखालची जागा गुंठाभरही नसते, पाव गुंठा असते. तिच्यावर पंचवीस दिवस निघतील.

हे ऐकून एक मावशी म्हणाल्या, "मग कशाला एवढा खटाटोप?" प्रश्न रास्त आहे. पंचवीस दिवसांत शेळीपालन होत नाही. पण ते पंचवीस दिवस कुठले, हे आपण निवडू शकतो. शेळी व्यायला झालेली असताना, करडं लहान असताना, संततधार लागून रानात जाता येत नाही तेव्हा, घरात कुणी आजारी आहे तेव्हा, आपल्याला स्वतःला ताप आलाय तेव्हा. ज्या दिवशी डोक्यावर ओझं घेऊन तीन किलोमीटर चालणं शक्य नाही, त्या दिवसासाठी दारात एक भारा असणं याची किंमत किलोत होत नाही. आणि ठोंब एकदा जगले की काही वर्षं नवे विकत आणावे लागत नाहीत, उलट त्याच ठोंबांतून दुसरीला देता येतात.

शेळीला गवतापेक्षा पाला आवडतो हेही विसरू नका. जागेच्या उन्हाच्या कडेला शेवरी, हादगा, दशरथ घास लावा. (दशरथला लोक गवत म्हणतात, पण ते शेंगवर्गीय आहे, त्याला ऊन लागतं.) सावलीतलं गवत पाणचट असतं, नुसतं तेच खाल्लं तर शेळ्यांना पातळ होतं, पावसाळ्यात पोट फुगतं. सकाळी कापून दुपारपर्यंत सुकू द्या आणि कडब्याच्या कुट्टीत किंवा तुरीच्या भुसकटात मिसळून घाला.

एक गोष्ट काळजीची. दाट गवत म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे साप. आपल्याकडं घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. गवताचा पट्टा दारापासून, न्हाणीच्या वाटेपासून आणि उन्हाळ्यात आपण बाहेर झोपतो त्या जागेपासून दहा-बारा फूट तरी लांब ठेवा. कापायच्या आधी काठीनं गवत झोडपा, अंधारात कापायला जाऊ नका, पायात बूट घाला. चावलंच तर मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. परसात जागा एवढीच असेल की दाराला लागूनच गवत येईल, तर लावू नका. बाकी सगळं जमून आलं तरी.

शोभेचं गवत

हा प्रश्न ग्रामसंघाच्या कार्यालयाचं, शाळेचं, अंगणवाडीचं आवार सजवणाऱ्या ताईंकडून येतो. झाडाखाली हिरवळ करायची हौस सगळ्यांना असते. एका आवारात लिंबाच्या पारासभोवती हिरवळीचे तुकडे आणून अंथरले, दोन महिने फोटो छान आले, नंतर माती उघडी पडली. बाजारात मिळणारी बारीक पानांची हिरवळ बहुतेक उन्हातली असते, आपल्या हरळीचीच बहीण. सावलीसाठी रुंद पानांचं कार्पेट गवत मागा, पण त्याला पाणी लागतं. टँकर येणाऱ्या गावात शोभेच्या हिरवळीला पाणी घालणं मला पटत नाही.

त्यापेक्षा गवतासारखी दिसणारी, सावलीत खुलणारी झाडं लावा. नर्सरीत मोंडो ग्रास नावानं मिळणारी गडद हिरवी झुडपं खरं तर गवत नाहीत, पण बुंध्याभोवती गोल लावली की सुरेख दिसतात. पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लँट तसंच, ते आपल्या सफेद मुसळीचं नातेवाईक. त्याला लोंबत्या काड्यांना पिल्लं येतात, पिल्लू मातीत ठेवलं की नवं रोप तयार. छत्रीसारखी पानं असणारं छत्री गवत लव्हाळ्याच्या घरातलं, हँडपंपाच्या किंवा न्हाणीच्या ओलीवर, अर्ध्या सावलीत मस्त वाढतं. तिन्ही फुटवे वेगळे करून वाढतात, बी विकत घ्यावं लागत नाही. ज्या गटांची रोपवाटिका आहे त्यांनी चार-पाच मातृरोपं आणून ठेवायला हरकत नाही. पण पाचशे पिशव्या भरायच्या आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. आपल्या गावात ही झाडं कुणी विकत घेणार नाही. शाळा, दवाखाना, तालुक्याच्या गावातली घरं, मंगल कार्यालयं इथं आधी विचारून यायचं.

गवती चहा आणि वाळा यांच्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. गवती चहा अर्ध्या सावलीत जगतो, घरच्या चहापुरता देतो, पण वास मंद होतो. विकायचा असेल तर उन्हातच लावा. वाळ्याला सावली आवडत नाही, त्याची जागा उताराच्या बांधावर, माती धरून ठेवायला.

राहिली गर्द सावली, आंब्या-चिंचेखालची. तिथं कुठलंच गवत लावून पैसे घालवू नका. ती जागा वाया गेली असंही नाही. गांडूळखताच्या बेडला सावलीच लागते, छप्पर घालायचा खर्च वाचतो. उन्हाळ्यात शेळ्या-कोंबड्या बांधायला त्याहून चांगली जागा नाही. पाण्याची ओल असेल तर कडेला अळू येतं, थोडा उजेड झिरपत असेल तर हळदीचे चार गड्डे आणि पानओवाही येतो. जी जागा सावली द्यायला बसलीय तिच्याकडून चारा मागण्यात काही अर्थ नाही.

जून महिन्याच्या बैठकीला येताना ज्यांनी सावली मोजलीय त्यांनी कागदावर जागेचं साधं चित्र काढून आणा: झाड कुठं, भिंत कुठं, दगडांच्या खुणा कुठं. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून काढून घ्या. ज्या ताईंकडं गिनीचे जुने ठोंब आहेत त्यांनी खोडातून निम्मे फुटवे काढायला हरकत नाही, मूळ ठोंब त्यानं उलट ताजा होतो. पहिला मोठा पाऊस झाला की फुटवे काढा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रभागसंघाच्या कार्यालयात पोचतील असं बघा. उन्हात उघडे राहिले तर मुळी सुकते. कुणाकडून किती आले आणि कुणाला किती गेले याची नोंद लेखापाल ताई वहीत ठेवतील, कारण पुढच्या पावसाळ्यात घेणारीनं तेवढेच परत आणून द्यायचे आहेत.